टोकन देण्याआधी तीन सिनेमे

घर या विषयावर आपल्याकडे हसवणारे सिनेमे भरपूर निघाले. खरं तर घर मिळवण्यात हसण्यासारखं काही नसतं. घरमालक नाक मुरडतो, बिल्डर तारखा देतो, जमीन एकाची असते आणि विकतो दुसराच. तरीही या सगळ्यावर आपण पोट धरून हसतो, कारण पडद्यावर फसतो तो दुसरा कोणीतरी असतो. गेल्या हिवाळ्यात शनिवार-रविवार मिळून असे तीन सिनेमे आमच्या घरात पाहिले गेले. त्याच दोन दिवसांत आम्हाला आमच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा व्यवहारही ठरवायचा होता.

आम्ही सोलापूरचे. घरात माणसं पाच: आम्ही दोघं, अम्मी, अकरावीतली मुलगी आणि आठवीतला मुलगा. लग्नाला अठरा वर्षं झाली आणि भाड्याची घरं झाली सात. सध्याच्या मालकांच्या मुलाचं लग्न ठरलं होतं, त्यांना वरचा मजला हवा होता. मे अखेरपर्यंतची मुदत त्यांनी चांगुलपणाने दिली होती. आता आठवं भाड्याचं घर शोधायचं की काही करून स्वतःचं करायचं, एवढाच प्रश्न होता.

शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजनंतर एका ओळखीच्याने एजंटाची गाठ घालून दिली. शहराच्या दक्षिणेला दीड गुंठा जागा, म्हणजे साधारण १,६३३ चौरस फूट, किंमत नऊ लाख. आजूबाजूच्या भावापेक्षा हा आकडा बराच खाली होता. कागद ‘बॉण्डवर’, म्हणजे नोटरी. एकावन्न हजार टोकन रविवारी मगरिबच्या आत द्यायचं, कारण दुसरं गिऱ्हाईक सोमवारी येणार होतं. जागा पाहून अम्मीचे डोळे चमकले. वीस वर्षं रोज हजार बिड्या वळून त्यांनी घर चालवलं आणि आम्हाला शिकवलं, पण स्वतःचा उंबरठा त्यांना मिळाला नाही. “लेको टाको बाबा,” त्या म्हणाल्या, “हमारे जीतेजी हो जाने दो.”

मुलांचा कार्यक्रम मात्र आधीच ठरलेला होता. सहामाही परीक्षा संपली होती. शनिवारी दुपारपासून रविवार संध्याकाळपर्यंत सिनेमे पाहायचे, मधल्या वेळात हास्यजत्रा, सोबत खारी आणि चहा. मुलीने तीन सिनेमे निवडले होते आणि तिन्ही घराबद्दलचे होते. आमच्या घरात महिनाभर दुसरा विषयच नव्हता, तेव्हा तिला तेच सुचणार.

पहिला ‘अशी ही बनवाबनवी’. १९८८ चा, सचिन यांनी दिग्दर्शित केलेला. हृषीकेश मुखर्जींच्या १९६६ मधल्या ‘बीवी और मकान’ची गोष्ट त्यांनी पुण्यात आणली. मालकीणबाईंना भाडेकरू जोडपीच हवीत, म्हणून चार मित्रांपैकी दोघं बायका होतात. लक्ष्मीकांत बेर्डे साडी सावरत आले की मुलगा गडाबडा लोळतो. आम्हीही हसलो. पण भाड्याच्या घरासाठी आपण कोण आहोत हे लपवावं लागणं आम्हाला अगदीच परकं नाही. फोनवर सगळं ठरतं, भाडं ठरतं, मग पलीकडून नाव विचारलं जातं आणि घर “कालच गेलेलं” असतं. आपल्यापैकी अनेकांनी हे ऐकलं आहे. असं वाक्य पाच-सहा वेळा ऐकलेला माणूस स्वतःच्या घरासाठी घाई करतो, आणि त्या घाईचाच भाव एजंट लावत असतो.

रात्री इशानंतर ‘खोसला का घोसला’. २००६ चा, दिबाकर बॅनर्जींचा. अनुपम खेर यांचा खोसला आयुष्यभराची पुंजी घालून दिल्लीत भूखंड घेतो. बोमन इराणींचा खुराना त्यावर कब्जा करतो आणि जागा सोडायला पंधरा लाख मागतो. शेवटी खोसलाची माणसं खुरानाला सरकारी खात्याची जमीन आपली म्हणून विकायला निघतात, आणि जमिनी गिळणारा खुराना हावेपोटी गळाला लागतो. हसून हसून अम्मींच्या डोळ्यांत पाणी आलं. सिनेमा संपल्यावर मुलगी म्हणाली, “त्या दीड गुंठ्याचा सातबारा कोणाच्या नावावर आहे?”

एजंटाने गट नंबर दिला होता. महाभूलेखच्या संकेतस्थळावर सातबारा कोणालाही मोफत पाहता येतो. आम्ही रात्रीच फोनवर काढून पाहिला. वाचता आला, पण कळला नाही. रविवारी सकाळी शेजारच्या काकांना चहाला बोलावलं. ते तलाठी कार्यालयातून निवृत्त झालेले आहेत. चष्मा लावून त्यांनी एकेक रकाना वाचून दाखवला. मालकांच्या जागी पाच वारसांची नावं होती, दोन भाऊ आणि तीन बहिणी. आम्हाला जागा विकणाऱ्याचं नाव त्यात नव्हतंच. इतर हक्कांच्या रकान्यात कर्जाचा बोजा होता. आम्ही एजंटाला फोन लावला. तो म्हणाला, “बहिणींनी तोंडी हक्क सोडलाय, काळजी करू नका.”

काका हसले. मग नीट समजावून सांगू लागले, आणि आम्ही शाळेतल्या मुलांसारखे वहीत टिपून घेऊ लागलो. त्यांचं सांगणं इथे देतो, कारण ते आपल्या बऱ्याच घरांना उपयोगी पडेल.

नोटरी एवढंच पाहतो की सही करणारा माणूस समोर आला आणि त्याने सही केली. जागा त्याची आहे की नाही, हे नोटरीचा शिक्का सांगत नाही. शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीची स्थावर मालमत्ता विकत घ्यायची, तर खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे नोंदवावंच लागतं. नोंदणीचा कायदा १९०८ चा आहे. मग बॉण्डची पद्धत का पडली? शेतजमिनीचे फार लहान तुकडे पडू नयेत म्हणून १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याने अशा व्यवहारांवर बंधनं घातली. शहरं वाढली, गरजू लोकांना गुंठा-दीड गुंठाच परवडत होता, आणि नोंदणीच्या दारात न जाता नोटरीवर भागवलं जाऊ लागलं. अशा वस्त्या नियमित करण्यासाठी २००१ चा गुंठेवारी कायदा आला, पुढे नियम सैलही झाले. पण अर्ज, मोजणी, नकाशा, शुल्क हे सगळं करून हातात आदेश पडल्यावरच जागा नियमित होते. “पुढे होईल” असं एजंटाने म्हणून ती होत नाही.

काका गेल्यावर घरात वेगळाच विषय निघाला, तो व्याजाचा. गृहकर्ज घ्यावं की नाही याबद्दल उलमांमध्ये मतभेद आहेत. ज्याने त्याने जाणकारांना विचारून ठरवावं, आम्ही त्यात सल्ला देणारे कोणी नाही. अम्मींचा आग्रह व्याजाविना घर घेण्याचा आहे आणि आम्ही तो मानतो. मात्र त्या सकाळी एक गोष्ट लक्षात आली. बँकेचं कर्ज घेणाऱ्याचे कागद बँकेचा वकील तपासतो, कारण बँकेचे पैसे अडकणार असतात. रोख पैसे देणाऱ्याचे कागद कोणीच तपासत नाही. व्याज टाळणारी, भिशी आणि दागिन्यांवर पैसे उभे करणारी आपली कुटुंबं म्हणूनच बॉण्डच्या बाजारात सोपं गिऱ्हाईक ठरतात. व्याज टाळावं, पण वकिलाचा तीस वर्षांचा शोध-अहवाल टाळू नये. त्याला काही हजार लागतात आणि त्यापायी लाखो वाचतात.

आणि त्या तीन बहिणी. आपल्या शरीअतमध्ये बहिणीचा वाटा ठरवून दिलेला आहे, देशाच्या कायद्यानेही मुलींना वारसाहक्क आहे. तरी कितीतरी घरांत तो “तोंडी” सोडवून घेतला जातो. या तिघी कोणत्या घरच्या, कोणत्या धर्माच्या, आम्ही त्यांना ओळखतही नाही. पण त्यांच्या सहीवाचून ती जागा घेतली असती, तर ज्या घरात आम्ही मुसल्ला अंथरणार होतो त्याच्या पायात त्यांचा हिस्सा गाडलेला राहिला असता. हे अम्मींना सांगितलं, तेव्हा त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “बेटियों का हक मारके घर नक्को.”

कुरआन शरीफमधली सगळ्यात लांब आयत सूरह बकराची २८२ वी आहे, हे आपण लहानपणापासून ऐकतो. ती आयत देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे. मुदतीचा व्यवहार असेल तर तो लिहावा, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावं, साक्षीदार ठेवावेत, व्यवहार लहान असो की मोठा, लिहायचा कंटाळा करू नये, असा तिचा आशय. वर्गात आम्ही मुलांना हे शिकवतो. तरीही आपल्यात कागद मागणं म्हणजे समोरच्यावर अविश्वास दाखवणं, असं समजलं जातं. भाईचाऱ्यात कागद कशाला, असं म्हणणाऱ्याचा त्यात फायदा असतो. जो दुबळा आहे, जी बहीण लांब दिली आहे, जी म्हातारी अंगठा उठवते, त्यांचा हक्क कागदावरच टिकून राहतो.

रविवारी जुहरनंतर तिसरा सिनेमा लागला, अम्मींच्या आवडीचा ‘श्री ४२०’. १९५५ चा, राज कपूर यांचा, ख्वाजा अहमद अब्बास यांच्या लेखणीतला. प्रामाणिकपणाचं पदक घेऊन शहरात आलेला राजू ते गहाण टाकतो आणि पुढे फूटपाथवरच्या गरिबांना शंभर रुपयांत घर देण्याच्या फसव्या योजनेचा चेहरा बनतो. कायद्यातले शंभर रुपये आणि सिनेमातले शंभर रुपये एकाच दिवशी भेटले, याचं मुलाला फार हसू आलं. मगरिबच्या आधी एजंटाचा फोन आला. आम्ही नम्रपणे नाही म्हणून सांगितलं. तो म्हणाला, पस्तावाल. अम्मींनी फोन मागून घेतला आणि त्याला म्हणाल्या, “पहिले बहनां की सही लाव बाबा, फिर देखेंगे.”

सोलापुरात गरिबाला घर मिळतच नाही, असं कोणी समजू नये. आमच्या खालाजान कुंभारीला राहतात. गोदूताई परुळेकरांच्या नावाने बिडी कामगार बायकांची सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली आणि २००६ मध्ये तिथल्या दहा हजार घरांचा ताबा देण्याचा सोहळा झाला. केंद्राचा, राज्याचा आणि कामगार बाईचा स्वतःचा, असे पैशांचे तीन वाटे होते. त्याच कुंभारीत असंघटित कामगारांसाठी तीस हजार घरांचं रे नगर उभारायचं ठरलं, त्यातली पंधरा हजार घरं १९ जानेवारी २०२४ रोजी दिली गेली. खालाजानना वाचता येत नाही. पण हप्त्याची एकेक पावती त्यांनी पत्र्याच्या डब्यात सांभाळली. अनेक वर्षं मोर्च्याला गेल्या, सभेला गेल्या, आणि सगळ्या बायकांबरोबर घर मागितलं. ‘श्री ४२०’च्या अखेरीला लोकांनी एकजुटीने घर मागण्याचा जो विचार येतो, तो आमच्या खालाजाननी बिड्या वळता वळता अमलात आणला.

आम्हाला घर मिळायला आणखी चार महिने लागले. जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावरचा, ४८० चौरस फूट चटई क्षेत्राचा फ्लॅट. भोगवटा प्रमाणपत्र आहे, सोसायटी नोंदलेली आहे, वकिलाने शोध घेतला आहे. भविष्य निर्वाह निधीतून घरासाठी काढलेली रक्कम, भिशी, थोडं सोनं आणि मामूंकडून बिनव्याजी घेतलेले दीड लाख, तेही लेखी आणि दोन साक्षीदारांसमोर. खरेदीखत घरातल्या बाईच्या एकटीच्या नावावर केलं. महाराष्ट्रात स्त्रीच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. पैसे वाचले हे एक, पण मुलीने आईचं नाव सरकारी कागदावर घरमालक म्हणून वाचलं, ते आम्हाला जास्त मोलाचं वाटलं.

नवीन बांधकामात घर घेत असाल, तर महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा नंबर पाहून घ्या. नोंदणीकृत करार झाल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, हेही लक्षात ठेवा. आणि ठरवायच्या आधी घरातल्या सगळ्यांना, मुलींना आणि म्हाताऱ्यांनाही, एकत्र बसवा. एखादा हसवणारा सिनेमा लावा. हसलेल्या घरात मुलं मोठ्यांना प्रश्न विचारायला कचरत नाहीत, असा आमचा अनुभव आहे.

नोंदणी झाली त्या दिवशी अम्मींनी इंडेक्स-टूची झेरॉक्स मागून घेतली. घडी घालून ती त्यांनी आपल्या बिडी कामगार कार्डाच्या पाकिटात ठेवली आहे. पाहुणे आले की चहाआधी ती दाखवतात.