बाबांचा लॅपटॉप

बाबा गेल्यावर त्यांचा जुना लॅपटॉप मी नागपूरहून चंडीगडला आणला. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला, तेव्हा मुलगा म्हणाला, "आई, भंगारात देऊ." मन होईना. ठरवलं, लिनक्स टाकून बघू.

डेबियन ही १९९३ पासून स्वयंसेवकांनी सांभाळलेली, मोफत मिळणारी लिनक्स. तिची छोटी नेटइन्स्टॉल फाइल पेनड्राइव्हवर टाकायची. बाकीचं ती घरच्या इंटरनेटवरून स्वतः आणते. भाषांच्या यादीत चक्क मराठी दिसली! एवढ्या लांब माहेरचं माणूस भेटल्यासारखं वाटलं.

पुढे प्रश्न आला: सगळी डिस्क पुसायची का? माझा हात थांबला. फोटोंची कॉपी केली होती, पण उघडून कुठे पाहिली होती? सगळं बंद करून तपासलं, तर आईबाबांच्या पचमढीच्या सहलीचं फोल्डर राहूनच गेलं होतं. अंगावर काटा आला.

ते दोन ठिकाणी ठेवलं, मगच 'हो' म्हटलं. मध्येच लाइट गेली, राउटर बंद पडला. लॅपटॉप बॅटरीवर तग धरून होता. लाइट आल्यावर 'पुन्हा प्रयत्न' केला आणि काम पुढे सरकलं.

तुम्हीही करून बघा. वायफायपेक्षा केबल लावा, चार्जिंग पूर्ण ठेवा. आणि कॉपी केलेला प्रत्येक फोल्डर उघडून बघा. सिस्टीम पुन्हा डाउनलोड करता येते, आईबाबांचं हसू नाही.