शिल्लक

माझ्या आजीला अक्षरओळख नव्हती, पण तिच्याइतका चोख हिशेब मी पुढे कोणत्याही शिकलेल्या घरात पाहिला नाही. सिंदेवाहीकडच्या आमच्या गावी माजघरात धानाची ढोली होती, बांबूची, शेणामातीने लिंपलेली. दिवाळीनंतर मळणी झाली की ती भरायची आणि मग वर्षभर खाली खाली जायची. कांडायला धान काढताना आजी आत हात घालून पातळी बघायची. होळीला कुठवर हवी, अखाडीला कुठवर, पोळ्याला कुठवर, हे तिच्या हाताला पाठ होतं. पातळी त्याच्या खाली गेली की दुसऱ्या दिवसापासून भात कमी आणि आंबील जास्त. उन्हाळ्यात वाळवून ठेवलेली मोहाची फुलं निघायची, पावसाळी रानभाज्यांचा वाटा वाढायचा. याला घरात कुणी काटकसर म्हटलं नाही. ढोली सांगेल तसं जेवायचं, एवढंच.

त्या घरात टाकून द्यायला काही उरतच नसे. धानाचा कोंडा बैलांना, तूस चुलीला, कांडताना तुटलेली कनकी आंबिलीला. भाताची पेज मीठ घालून प्यायची. रात्रीचा भात उरला तर मातीच्या भांड्यात पाणी घालून ठेवायचा आणि सकाळी कांदा-मिरचीबरोबर तो खाऊनच माणसं बांधीत उतरायची. उभ्या धानात कापणीआधी लाखोळीचं बी फेकायचं, म्हणजे बांधीत उरलेल्या ओलीवर डाळीचंही पीक निघे. सरकारने १९६१ साली लाखोळीच्या विक्रीवर बंदी घातली होती, तरी आमच्या झाडीपट्टीतल्या चुलीवरून ती कधी उतरली नाही. जमिनीतली ओलसुद्धा वाया जाऊ न देणारी ही शेती होती, आणि आजीचा स्वयंपाक त्याच शेतीचा पुढचा भाग होता.

आजी हात आखडणारी मात्र नव्हती, हे मुद्दाम सांगते. दिवाळीनंतर मंडईचे दिवस आले, गावात नाटक ठरलं, की लेकी-जावई, त्यांचे सोयरे, सोयऱ्यांचे सोयरे असा अर्धा तालुका आमच्या अंगणात असायचा. वडसा, सावली, मूल, कुठून कुठून लोक येत. तेव्हा गंजच्या गंज भात शिजे आणि आजी आग्रह करकरून वाढे. ढोली तेव्हा काठोकाठ असायची. केव्हा सढळ व्हायचं आणि केव्हा सावध, हे तिला माहीत होतं, कारण घरात काय शिल्लक आहे ते तिला दररोज माहीत असायचं.

बाबांना शिक्षकाची नोकरी लागली ती भामरागडकडे. तेव्हा तो मुलूख चंद्रपूर जिल्ह्यात होता. गडचिरोली वेगळा जिल्हा झाला तो २६ ऑगस्ट १९८२ला. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद व्हायचा. पूर उतरला की सुरू, पुन्हा पाऊस की पुन्हा बंद. तिथल्या पहिल्या जूनमध्ये आईने वही सुरू केली. शाळेची साधी चौरेघी वही. डावीकडे जिनसा लिहिलेल्या: तांदूळ, तुरीची डाळ, मीठ, तेल, गूळ, रॉकेल, काड्यापेट्या. वर जून, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर. दर रविवारी ती प्रत्येक डबा मापाने मोजायची आणि उरलेला आकडा लिहायची. त्या वहीत रुपयाचा उल्लेख कुठेही नाही. पैसे असून उपयोग काय, दुकानात माल पोहोचेल तेव्हा ना! आजीच्या हाताचं काम आईने पेन्सिलीवर आणलं होतं.

शेजारी माडिया कुटुंबं होती. त्यांच्याकडे हंगामाचं नवं फळ, नवं फूल, नवं धान पंडुम, म्हणजे त्याचा सण, झाल्याशिवाय तोंडात घालत नाहीत. आंब्यासाठी मरका पंडुम. आम्हां मुलांना कैऱ्या झोडपायची घाई असायची आणि तिथली आमच्याच वयाची मुलं झाडाखाली शांत बसून राहायची, याचं मला फार नवल वाटे. आता वाटतं, अन्न वाया जाण्याची सुरुवात ताटात होत नाही. वेळेआधी तोडण्यात, गरजेआधी घेण्यात होते. त्या रिवाजाने ती जागाच अडवून धरली होती. पुढे १९९५पासून नवसंजीवन योजनेत भामरागडसारख्या पुराने तुटणाऱ्या गावांना पावसाळ्याचं रेशन आधीच पोहोचवायची व्यवस्था आली. म्हणजे चार महिन्यांचा साठा नजरेसमोर ठेवून जगण्याची रीत तिथे आजही चालू आहे.

नंतर बाबांची बदली गडचिरोलीला झाली आणि वहीचं रूप पालटलं. आता पगाराची तारीख होती, कोपऱ्यावर किराणा दुकान होतं, त्या दुकानात आमच्या नावाची उधारीची वेगळी वही होती. आईच्या वहीत तारीख, जिन्नस, रुपये असे रकाने आले. भेदरे म्हणजे टोमॅटो, आलू, सांबार म्हणजे कोथिंबीर, दूध, तेल, साबण. महिन्याच्या शेवटी ती दोन्ही वह्या जुळवायची. दुकानदाराचं काही चुकलं असेल तर तिथल्या तिथे दाखवायची. सातवीपर्यंत शिकलेल्या बाईला हे बळ वहीने दिलं, ते मी कमी लेखणार नाही. पण डबे मोजायचे थांबले. काय आणलं ते लिहिलं जाऊ लागलं, काय उरलं ते नाही.

किराण्याच्या हिशेबात केवढी ताकद असते ते मला कॉलेजात असताना कळलं. रोजगार हमीवरची मजुरी ठरवण्यासाठी पागे समितीने दिवसाला ४ रुपये हा आकडा काढला होता. डॉ. अभय बंग १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला वर्धा जिल्ह्यातल्या खेड्यांत काम करत होते. माती खोदणाऱ्या माणसाला किती उष्मांक लागतात, घरात खाणारी तोंडं किती, धान्य-डाळ-तेलाला काय पडतं, असा हिशेब त्यांनी नव्याने मांडला आणि मजुरी १२ रुपये हवी असं दाखवून दिलं. सरकारला ते मानावं लागलं. पुढे १९८६मध्ये बंग दांपत्य गडचिरोलीला आलं. माझ्या मनावर मात्र ठसला तो हा हिशेब. एका घराच्या स्वयंपाकाची यादी प्रामाणिकपणे केली, तर लाखो मजुरांचं ताट बदलतं. घरखर्चाची वही ही बायकांची किरकोळ उठाठेव आहे, असं कुणी म्हटलं की मला आजही राग येतो तो यामुळे.

सरकारही अशीच एक प्रचंड वही ठेवतं. घराघरांत जाऊन काय विकत घेतलं, किती घरचं पिकवलं, किती रानातून फुकट आणलं, हे सगळं विचारलं जातं. २०२३-२४च्या पाहणीप्रमाणे ग्रामीण कुटुंबाच्या खर्चात अन्नाचा वाटा सुमारे ४७ टक्के होता, शहरी कुटुंबात सुमारे ४० टक्के. त्यातही खेड्यांत तृणधान्यांवर साधारण ५ टक्के आणि चहा, फरसाण, बिस्किटं, तयार पदार्थ यांवर त्याच्या जवळजवळ दुप्पट. वाचून मला धक्का बसला नाही. आमच्या गावच्या दुकानात आता कुरकुऱ्यांच्या माळा लटकतात आणि तिथली पोरं दहाची नोट घेऊन तिथेच उभी असतात. शिवाय काही खर्च पाहणीतही नीट येत असेल का, अशी शंका मला येते. आमच्याकडे खर्रा, म्हणजे घोटलेली तंबाखू-सुपारी, हा त्यातलाच. मी कितीतरी घरांत पाहिलंय, दुधाचा रतीब अर्ध्या लिटरवर आणलेला असतो आणि खर्ऱ्याचे पैसे 'किरकोळ' या एका शब्दाखाली झाकलेले असतात. एक महिना ते पैसे वेगळ्या ओळीत लिहून पाहा असं मी अशा घरच्या बायकांना सांगते. बेरीज बघितल्यावर पुढे काही बोलावं लागत नाही.

लग्नानंतर मी चंद्रपुरात आले. मेमध्ये पारा ४५च्या पुढे जाणारं हे गाव. सकाळी आणलेला पालक दुपारपर्यंत मान टाकतो. त्यामुळे फ्रिज इथे चैन नाही, गरज आहे. पण फ्रिजमध्ये आजीसारखा हात घालून पातळी कळत नाही. पुढच्या पातेल्यामागे मागचं पातेलं दडतं. शिळा भात एका डब्यात, त्यावर वाटीभर वरण, त्यावर सांबाराची जुडी, आणि सगळ्यात तळाशी कुणालाच आठवत नसलेली अर्धी दुधी. त्यात मोठ्या दुकानांतली 'दोनवर एक फुकट' ही पाटी. घरात त्या वस्तूची जागा आहे का, गरज आहे का, हे विचारायच्या आधी हात पुढे जातो.

खर्चाची वही मी लग्नापासून लिहीत होतेच. तिच्या मागच्या पानांवर मग मी 'टाकलं' असा एक मथळा घातला आणि टाकलेली प्रत्येक वस्तू कारणासह लिहू लागले. कारण लिहिणं महत्त्वाचं. काही महिन्यांत चित्र स्पष्ट झालं. सगळ्यात जास्त वेळा शिजवलेला भात, मग सांबार आणि पालेभाज्या, मग ब्रेड. भात जायचा तो 'कुणी येईल' म्हणून दोन वाट्या जास्त टाकण्याच्या सवयीने. पालेभाजी जायची ती रविवारी आठवड्याची एकदम आणल्याने. ब्रेड आणला जायचा आणि त्याच दिवशी कुणीतरी समोसे घेऊन यायचं, कारण घरात काय आहे ते येणाऱ्याला ठाऊक नसायचं. आळस, उधळेपणा ही कारणं फारशी सापडलीच नाहीत. माहिती नसणं हेच कारण वारंवार निघालं.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४च्या अहवालात म्हटलंय, की २०२२मध्ये जगभरात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं आणि त्यातलं ६० टक्के घरांतून. भारतातल्या घरांचा अंदाज माणशी वर्षाला ५५ किलो. अंत्योदय कार्डावर एका कुटुंबाला महिन्याला ३५ किलो धान्य मिळतं. एका माणसामागे वर्षाला जे फेकलं जातं ते एका गरीब कुटुंबाच्या दीड महिन्याच्या रेशनाएवढं भरतं. हे आकडे शेजारी ठेवून बघितल्यापासून मला उष्टं ताट बघवत नाही.

आणि आपल्या चंद्रपूर-गडचिरोली जिल्ह्यांत अन्नामागे किती जोखीम असते! मार्च-एप्रिलमध्ये मोह वेचायला बाया पहाटे अंधारात जंगलात जातात आणि त्याच दिवसांत वाघाच्या हल्ल्याच्या बातम्या येतात. पावसाळ्यात रस्त्याच्या कडेला पानावर सात्या, म्हणजे रानातल्या अळंब्या, मांडून बसलेली बाई तुम्हीही पाहिली असेल, बांबूचे कोवळे वास्ते सोलून विकणारीही. सात्या दुसऱ्या दिवसापर्यंत टिकत नाहीत. भाव मटणाच्या जवळ जातो म्हणून लोक कुरकुरतात, पण घेणाऱ्याने त्या त्याच रात्री शिजवल्या नाहीत तर त्या बाईची मेहनत गेली ती गेलीच. आपण रोज खातो तो एचएमटी तांदूळही असाच कुणाच्या तरी डोळ्यांखालून गेलेला आहे. नागभीड तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या तुकडाभर शेतात वेगळ्या दिसलेल्या लोंब्या बाजूला काढल्या, वर्षानुवर्षं निवडून वाढवल्या आणि त्यातून हे वाण दिलं. २०१८मध्ये ते गेले, गरिबीतच. ज्या माणसाने एकेक लोंबी जपली, त्याच्या तांदळाचा भात आपण पातेल्याने नालीत ओततो, हे मला अन्यायाचं वाटतं.

आता आमच्या स्वयंपाकघराच्या दाराला एक वही दोरीने बांधलेली आहे. उजव्या पानावर खर्च, डाव्या पानावर शिल्लक. बाजाराच्या आदल्या रात्री डबे आणि फ्रिज बघून डावं पान भरायचं आणि ते वाचूनच उजव्या पानाची यादी करायची. भाताला वाटी ठरलेली आहे. पाहुणा अचानक आला तर भात पुन्हा टाकता येतो, त्याला वीस मिनिटं लागतात. पाहुण्याला तेवढा वेळ बसायला आवडतं. उरलेला भात हिवाळ्यात आजीच्या पद्धतीने पाण्यात, पण उन्हाळ्यात नाही. आमच्या मेच्या उकाड्यात बाहेर राहिलेला भात लवकर बिघडतो आणि पोटाला बाधतो, तेव्हा तो निवाल्याबरोबर फ्रिजमध्ये टाकून सकाळी नीट वाफ येईपर्यंत फोडणीला घालायचा. भाजी आठवड्यातून दोनदा, थोडी थोडी. सालं, देठ परसातल्या खड्ड्यात.

एवढं करूनही, डावं पान मी एकटीच लिहीत होते तोवर फार फरक पडला नव्हता. घरात काय आहे हे एकाच बाईच्या डोक्यात असलं की बाकीचे आंधळेपणाने आणतात आणि तीच बाई रात्री शिळं खाऊन हिशेब मिटवते. आमच्याकडे आता मुलगा आणि त्याचे बाबा आळीपाळीने डबे मोजतात, समोसे आणायच्या आधी दाराशी थांबून पान बघतात. तुमच्या घरी वही असेल तर येत्या बाजाराच्या आदल्या रात्री तिचं एक पान शिल्लकेसाठी काढा. आणि पहिल्या दिवशी ते घरातल्या पुरुषाला लिहायला सांगा.