तुंगार्लीचा चढ आणि अब्बांची गाडी

लोणावळ्याला येणारी मंडळी बाजारात चिक्की घेतात, भुशी धरणावर भिजतात आणि परत फिरतात. तुंगार्ली त्याच्या विरुद्ध दिशेला, जुन्या महामार्गाच्या उत्तरेला. बंगल्यांमधून रस्ता चढत जातो आणि इंग्रजांच्या काळातल्या धरणापाशी पोहोचतो. हवा उघडी असली तर तिथून लोहगड, विसापूर दिसतात. पुढे राजमाची सुमारे 15 किलोमीटर.

माझी खाला इथे राहते, त्यामुळे आमचे येणे-जाणे नेहमीचे. पावसाळ्यात तिच्या घरी मिठाचे पाणी होते, कपाटातल्या कपड्यांना बुरशी धरते आणि खिडकीच्या कड्या एका मोसमात गंजतात. मग अंगणात उभ्या असलेल्या गाडीचे काय होत असेल?

आमची मारुती 800 अब्बांनी 2004 साली घेतली. 2000 च्या सुमारास प्रदूषणाचे नियम कडक झाले, कार्ब्युरेटर गेला आणि पेट्रोल पंप टाकीच्या आत बसला, विजेवर चालणारा. अब्बा गेल्यावर गाडी मी चालवते. गेल्या जुलैत ती तुंगार्लीच्या चढावर बंद पडू लागली. दिवसा ठीक, पण संध्याकाळी, पावसात, दिवे लावले की हमखास. सोबत गुडघ्यांनी बेजार झालेली अम्मी. एका गॅरेजने गाडी न उघडताच सांगितले, “पंप गेला, नवीन टाका.” घरातले म्हणू लागले, एवढा खर्च करण्यापेक्षा भंगारात द्या.

खालाच्या ओळखीचे एक वयस्कर ऑटो इलेक्ट्रिशियन आहेत. सगळे त्यांना चाचा म्हणतात. ते म्हणाले, “बेटी, आधी पंपाला विचारू तर दे.”

त्यांनी किल्ली फक्त ‘ऑन’वर आणली, स्टार्टर मारला नाही. अशा गाडीत त्या वेळी मागून दोन-तीन सेकंद बारीक गुणगुण ऐकू यायला हवी. तो पंप पेट्रोलचा दाब तयार करत असतो. दिवे बंद असताना ती आली, दिवे लावल्यावर जेमतेम. फ्यूज शाबूत होता, रिलेची टिकटिकही ऐकू येत होती. शंका होती म्हणून तसाच दुसरा रिले बसवून पाहिला, फरक नाही.

मग मीटर. पंपाकडे जाणारा प्लग सोडवून त्यात टोके लावली, किल्ली फिरवली, तर बारा व्होल्ट पुरे! अनेक जण इथेच थांबतात आणि पंपाला दोषी ठरवतात. चाचांनी त्याच जागी इंडिकेटरचा बल्ब जोडला आणि तो निखाऱ्यासारखा लाल, मंद पेटला. याचे कारण कुठल्याही गृहिणीला कळेल. नळाच्या पाइपात कचरा अडकला तरी नळ बंद असेपर्यंत दाब पूर्ण असतो. नळ उघडला की धार बारीक. मीटर जवळजवळ काहीच वीज ओढत नाही, म्हणून त्याला अडथळा जाणवत नाही. बल्ब ओढतो.

अडथळा जाताना की परतताना? बॅटरीच्या निगेटिव्हपासून एक जादा वायर थेट बल्बाच्या परतीच्या टोकाला लावली आणि बल्ब लख्ख झाला. म्हणजे येणारी वीज ठीक, परतीची वाट, अर्थिंग, खराब. आमच्या गाडीत पंपाची आणि मागच्या दिव्यांची अर्थ एकाच बोल्टला होती. गालिच्याखालचा तो बोल्ट ओलीने गंजून पांढरट झाला होता. दिवे लागले की त्या अरुंद वाटेवर गर्दी, आणि पंप उपाशी.

लोणावळा परिसरातल्या तलावांचे पाणी खोपोलीला उतरवून टाटांनी 1915 पासून मुंबईला वीज दिली. त्याच डोंगरावर आमच्या पंपाला बारा व्होल्ट मिळेनात, याचे मला हसू आले.

बॅटरीची निगेटिव्ह तार काढून बोल्ट सोडवला, पॉलिश पेपरने खालचा पत्रा चमकेपर्यंत घासला, घट्ट आवळून वर ग्रीस लावले. पाऊण तासाचे काम. चाचांनी फक्त मजुरी घेतली, तीही आग्रह केला तेव्हा.

मी विचारले, पंप खरोखरच गेला असता तर? ते म्हणाले, बल्ब लख्ख पेटूनही पंप गप्प राहिला असता. टाकीवर खालून थाप मारल्यावर जागा होतो, तो पंप झिजलेला. शिवाय टाकी नेहमी रिकामी ठेवू नये. पंप पेट्रोलमध्ये बुडूनच थंड राहतो. आणि ही तपासणी उघड्या टाकीजवळ कधीच करायची नाही, एक ठिणगी पुरते. पेट्रोलचा वास येत असेल तर वायरला हातच लावू नका, जाणकाराला बोलवा.

पावसात तुंगार्लीला येणार असाल तर निघण्यापूर्वी दिवे, वायपर लावून एकदा किल्ली ‘ऑन’ करा आणि खिडकी बंद ठेवून मागचा आवाज ऐका. धरणाकडचा शेवटचा चढ तेव्हा निसरडा असतो. गाडी खालीच लावून चालत गेलेले बरे.