झोपलेला विषाणू आणि रोजची गोळी

एच.आय.व्ही. हे नाव निघाले की आजही आपल्या वस्तीत आवाज खाली जातो. पण आजार लपवून बरा होत नाही, तो समजून घ्यावा लागतो. मी शाळेत विज्ञान शिकवते, म्हणून शेजारच्या बाया माझ्याकडे मोकळेपणी येतात. गेल्या वर्षी माझ्या धाकट्या नणंदेनेच विचारले, "वहिनी, रिपोर्टात विषाणू सापडत नाही म्हणतात. मग रोज गोळी कशाला? थोडे दिवस बंद करून बघू का?"

प्रश्न साधा होता, पण त्याच्या उत्तरावर तिचा जीव होता आणि तिच्या पदरात दोन लेकरे.

आमचे मामंजी गिरणीत साचाखात्यात होते, म्हणून मी तिला तिथलेच उदाहरण दिले. हा विषाणू आपल्या पांढऱ्या पेशीत शिरतो आणि आपली जनुके आपल्याच जनुकांत जोडून टाकतो. मग पेशीची यंत्रणा त्याच्या प्रती काढू लागते. पण काम सुरू होताच अडते. वीतभर कापड विणून साचा थांबावा, तसा छोटासा तुकडा निघतो आणि यंत्र थबकते. त्या तुकड्याला 'टार' म्हणतात. तेव्हा विषाणूचे 'टॅट' नावाचे प्रथिन जॉबरसारखे धावून येते. ते टारवर बसते, पेशीतल्या सायक्लिन टी-१ आणि सीडीके-९ या जोडीला बोलावते आणि साचा सुसाट सुटतो.

टॅट म्हणजे सुमारे शंभर मण्यांची माळ. विषाणू स्वतःची नक्कल करताना सारखा चुकतो, त्यामुळे मणी बदलत राहतात. २२ व्या जागचा सिस्टीन हा मणी बदलला, तर टॅट निकामी होते आणि जनुके जागी होत नाहीत. १३ व्या जागी हिस्टिडीनऐवजी ल्युसिन आले, तरी टॅटचा जोर ओसरतो. प्रयोगशाळेतल्या एका पेशीवंशात विषाणू गप्प राहतो, त्यामागे हा बदल आहे. उलट भारतात जास्त आढळणाऱ्या 'सी' उपप्रकारात ३१ व्या जागी बहुधा सिस्टीनऐवजी सेरीन असते, तरीही साचा चालू करण्याचे काम टॅट करतेच. बंगळूरच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्राच्या उदयकुमार रंगा आणि सहकाऱ्यांनी २००४ साली दाखवले, की या बदलाने काही पांढऱ्या पेशींना ओढून आणण्याची टॅटची शक्ती मात्र घटते. म्हणजे मणी कोणता बदलला, यावर सारे ठरते.

मग नणंद म्हणाली, "माझ्यातला विषाणू असाच मोडका असेल तर?" मी सांगितले, लपलेल्यांपैकी पुष्कळ खरेच मोडके असतात, पण काही धडधाकट असतात. ज्या पेशीत ते बसलेत ती निवांत असते, तिथे सायक्लिन टी-१ कमी असते, म्हणून तेही झोपलेले. पेशी जागी झाली की तेही जागे होतात. गोळी नव्या पेशींना लागण होऊ देत नाही, पण जोडलेली जनुके उपटून काढत नाही. म्हणूनच गोळ्या थांबवल्या, तर बहुतेकांच्या रक्तात काही आठवड्यांतच विषाणू पुन्हा दिसू लागतो. तिने गोळी सोडली नाही.

माता-भगिनींनो, २००४ पासून सरकारी केंद्रांत ही औषधे मोफत मिळतात. गोळ्या नियमित घेऊन रक्तात विषाणू न सापडण्याइतका कमी राहिला, तर शरीरसंबंधातूनही तो जोडीदाराला जात नाही. एका ताटात जेवल्याने किंवा एका घरात राहिल्याने तो कधीच पसरत नाही. २०१७ च्या कायद्याने अशा माणसाला नोकरीत, शाळेत, दवाखान्यात वेगळे वागवण्यास बंदी आहे. विटाळाचे दुःख आपल्याइतके कोणाला ठाऊक? तेव्हा आपल्या दारात तरी तो कोणाच्या वाट्याला येऊ देऊ नका, आणि घरात कोणी गोळी घेत असेल तर वेळेवर पाण्याचा पेला पुढे करा.