'नाही' म्हणायलाही छाती लागते

सीमेवर तणाव वाढला की ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. प्रत्येक तरुणाला सैन्यात सक्तीने पाठवा, नाही म्हणेल त्याला आत टाका. आपल्या सातारा जिल्ह्यात यावर माना लगेच डोलतात. घरोघरी जवान असलेलं अपशिंगे आपलंच. म्हणून हे लिहितोय. शिव्या द्यायच्या तर द्या, पण पूर्ण वाचून.

पहिलं महायुद्ध. १९१६ साली ब्रिटनने १८ ते ४१ वयाच्या अविवाहित पुरुषांसाठी सक्तीच्या भरतीचा कायदा केला, पुढे विवाहितांनाही लावला. पण त्याच कायद्यात एक कलम होतं. ज्याच्या सदसद्विवेकबुद्धीला युद्ध पटत नाही, त्याला सूट मागता येईल. ऐन लढाईत, बरं का!

सूट कुणाला द्यायची हे ठरवायला बसले गावातले प्रतिष्ठित आणि सोबत लष्कराचा प्रतिनिधी. जर्मन तुझ्या आईवर धावून आला तर काय करशील, असले प्रश्न. सुमारे १६ हजार जण या नकाराच्या बाजूने उभे राहिले. हजारो तुरुंगात गेले.

यॉर्कशायरमधल्या रिचमंड किल्ल्यात कोंडलेल्या १६ जणांना तर फ्रान्सला नेलं. युद्धभूमीवर हुकूम मोडला की गोळी घालता येते, म्हणून. त्यांत एक शिक्षक होता, एक चॉकलेट कारखान्यातला कारकून, एक फुटबॉलपटू. हुकूम पाळला असता तर सुटले असते. नाही पाळला. लष्करी न्यायालयाने मृत्युदंड दिला, मग तो १० वर्षांच्या सक्तमजुरीवर आणला. युद्ध संपल्यावरही अशा नकार देणाऱ्यांचा मताधिकार पाच वर्षांसाठी काढून घेतला.

भित्रा माणूस हे सगळं कशाला सोसेल?

दुसऱ्या महायुद्धात हिटलर दाराशी होता. तेव्हा अशा सुमारे ६० हजार जणांनी नाव नोंदवलं. या वेळी सुनावणीत लष्कराचा प्रतिनिधी नव्हता. अनेकांना शेती, दवाखाने अशी कामं दिली. काही शे जण तर स्वतःहून न फुटलेले बाँब निकामी करायला गेले. देश काही हरला नाही.

आपल्याकडे आजही सैन्यात बळजबरी नाही. पोरगा स्वतःच्या मनाने जातो, म्हणून तर त्याचा मान मोठा. तरी सक्ती हवीच असेल, तर पुढचा मेसेज फॉरवर्ड करताना नकाराचं कलमही त्यात लिहा.