वाट बदलली, चालणे नाही

ऑस्ट्रेलियातील मेलबर्नच्या नैर्ऋत्येला, जिलाँग शहराच्या पुढे, बारवन हेड्स नावाचे एक छोटेसे गाव आहे. बारवन नदी तेथे समुद्राला मिळते. नदीवर जुन्या घडणीचा लाकडी पूल असून, त्याच्या शेजारी पादचारी आणि सायकलस्वारांसाठी वेगळा पूल आहे. फेब्रुवारीतील एका सकाळी, धाकट्या भावाच्या मोटारीतून आम्ही तेथे पोहोचलो. सोबत ऐंशी वर्षांचे अण्णा होते.

अण्णांनी तीस वर्षे रोज पहाटे पर्वती चढली. गुडघ्यांची झीज वाढल्यावर मीच त्यांना सांगितले, "आता पायऱ्या बंद." त्यानंतरचे आठ महिने ते खुर्चीत बसून होते. मांड्या बारीक झाल्या, उठताना हाताचा आधार लागू लागला. पर्वतीऐवजी काय करायचे, हे मात्र मी सांगितलेच नव्हते.

पुलावरून सायकलस्वारांचे थवे जात होते. भावाने सांगितले, हे कडेल एव्हान्सचे गाव. त्याच्या नावाची मोठी शर्यत दरवर्षी जिलाँगहून निघते. अण्णांनी विचारले, "कोण हा?"

एव्हान्सचा जन्म 1977 चा, ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडील कॅथरीन गावचा. प्रथम तो डोंगरातील कच्च्या पायवाटांवर सायकल चालवी. 1998 आणि 1999 अशी सलग दोन वर्षे त्याने त्या प्रकारातील विश्वचषक मालिका जिंकली. शिखरावर असतानाच तो डांबरी रस्त्यावरील शर्यतींकडे वळला. डोंगरातील शर्यत त्या काळी दोन-अडीच तासांत संपत असे. रस्त्यावरची मोठी शर्यत तीन आठवडे चालते. 2002 मध्ये इटलीतील अशाच शर्यतीत त्याने आघाडीवीराचा गुलाबी अंगरखा मिळवला आणि दुसऱ्याच दिवशी, शक्ती संपल्याने, गमावला. शरीराला नव्या कामाची सवय व्हायला वर्षे लागली. 'टूर द फ्रान्स'मध्ये 2007 साली तो अवघ्या 23 सेकंदांनी दुसरा आला, पुढच्या वर्षी पुन्हा दुसरा. अखेर 2011 मध्ये, वयाच्या 34 व्या वर्षी, त्याने ती जिंकली. असे करणारा तो पहिला ऑस्ट्रेलियन.

अण्णा क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणजे त्याने वाट सोडली, सायकल नाही सोडली. तू माझी वाट बंद केलीस, तेव्हा माझे चालणेच सुटले."

डॉक्टर असूनही माझ्याजवळ उत्तर नव्हते.

काठी घेऊन ते पुलाकडे निघाले. पूल सुमारे 300 मीटर लांब. पन्नास पावलांवर कठड्याला टेकून थांबले, पुन्हा चालले आणि मध्यावरून परतले. तेवढे पुरेसे होते.

वाचकहो, घरातील वडीलधाऱ्यांना एखादी गोष्ट बंद करायला सांगाल, तेव्हा त्याच श्वासात पर्यायही सांगा. वापर थांबला की उतारवयात स्नायू फार लवकर क्षीण होतात, आणि मग पडण्याचे भय वाढते. सपाट जागी, चांगली पकड असलेली पादत्राणे घालून, बोलता येईल इतक्याच वेगाने चालावे. आरंभ पाच मिनिटांनी केला तरी चालेल. भक्कम खुर्चीवरून सावकाश उठ-बस करावी. तोल जात असल्यास कोणीतरी जवळ असावे. छातीत दुखले, चक्कर आली किंवा फार धाप लागली, तर लगेच थांबून डॉक्टरांना दाखवावे. आणि प्रगती संथ वाटली, तरी धीर सोडू नये.

आता पुण्यात अण्णा रोज संध्याकाळी काठी घेऊन पर्वतीच्या पायथ्यापर्यंत जातात. पायऱ्यांकडे एकदा वर पाहतात, हात जोडतात आणि चालत घरी येतात.