अर्धं दृश्य, पुरा राक्षस

चपटं डोकं, मानेच्या दोन्ही बाजूंना लोखंडी बोल्ट, आखूड बाह्यांचा काळा कोट. हा चेहरा मुलांच्या कार्टूनमध्ये आणि मुखवट्यांवर आपण सगळ्यांनी पाहिलेला असतो. तो ज्या सिनेमातून आला, तो मात्र फार थोड्यांनी पाहिलेला असतो. जेम्स व्हेल यांचा ‘फ्रँकेन्स्टाईन’ हा कृष्णधवल इंग्रजी चित्रपट १९३१ साली आला. फ्रँकेन्स्टाईन हे खरं तर त्या राक्षसाला घडवणाऱ्या शास्त्रज्ञाचं नाव. पण लोकांनी ते राक्षसालाच चिकटवून टाकलं.

यंदाच्या उन्हाळी सुट्टीत अंबडला आमच्या घरी चुलत-मावस भावंडं जमली होती. “काहीतरी भुताचं लावा,” असा हट्ट झाला आणि आम्ही हा सिनेमा लावला. रंग नाहीत म्हणून मुलं आधी रुसली, पण दहा मिनिटांत सगळी गप्प झाली. जेमतेम सत्तर मिनिटांचा सिनेमा. मुर्द्यांचे अवयव जोडून शास्त्रज्ञ एक देह उभा करतो, त्यात जीव येतो आणि मग तो स्वतःच त्याला भिऊन बाजूला होतो. जपमाळ ओढत कोपऱ्यात बसलेल्या दादी मध्येच म्हणाल्या, “अगे, इसके बाप ने इसका नाम बी नई रखा क्या?”

दादींनी नेमकं बोट ठेवलं. सिनेमा सांगतो की चुकून गुन्हेगाराचा मेंदू बसवला गेला, म्हणून तो वाईट निघाला. मेरी शेली यांच्या १८१८ च्या मूळ कादंबरीत असं काही नाही. तिथं तो बोलायला, वाचायला शिकतो, माणसांची सोबत मागतो; चेहरा पाहून सगळे हाकलतात, तेव्हा सूडावर उठतो. दोष रक्तात असतो, हे सिनेमानं वरून घातलं.

ही भूमिका करणारे बोरिस कार्लोफ यांचं खरं नाव विल्यम हेन्री प्रॅट. सुरुवातीच्या श्रेयनामावलीत राक्षसापुढं नाव नाही, नुसतं प्रश्नचिन्ह आहे. त्यांच्या आजीची बहीण ॲना लिओनोवेन्स १८३१ साली आपल्या अहमदनगरला जन्मली होती, हे ऐकून मुलं चकित झाली. लहान मुलांच्या पत्रांत आपल्या राक्षसाबद्दल भीतीपेक्षा दया जास्त असते, असं कार्लोफ सांगत.

ती दया तळ्याकाठच्या दृश्यात कळते. मारिया नावाची छोटी मुलगी त्याला न घाबरता फुलं देते. दोघं फुलं पाण्यात सोडतात, ती तरंगतात, तो हसतो. फुलं संपतात. मुलगीही फुलासारखी तरंगेल असं समजून तो तिला उचलून पाण्यात टाकतो, आणि ती बुडताच कासावीस होऊन पळतो.

हा शेवटचा तुकडा सेन्सॉरच्या कात्रीत गेला. अनेक दशकं लोकांना एवढंच दिसलं: राक्षसाचे हात मुलीकडं जातात आणि पुढं बाप तिचं प्रेत उचलून गावातून चालतो. मधलं काय ते ज्यानं त्यानं मनानं भरलं, आणि ते मूळ दृश्यापेक्षा कितीतरी घाणेरडं होतं. तो तुकडा १९८० च्या दशकात परत जोडला गेला. पडद्यावरचा जमाव मात्र तेव्हाही मशाली घेऊन धावतोच. मधलं त्यालाही ठाऊक नसतं.

इथं आम्हाला २०१८ आठवलं. मुलं पळवणारी टोळी आली, अशा क्लिपा तेव्हा घरोघरी मोबाईलवर फिरत होत्या. त्यातली एक कराचीतल्या एका संस्थेच्या जनजागृतीच्या फिल्मची होती. मोटारसायकलवरचे दोघं गल्लीत खेळणाऱ्या मुलाला उचलून नेतात. मूळ फिल्ममध्ये ते लगेच परत येऊन मुलाला सोडतात आणि मुलांवर लक्ष ठेवा, अशा अर्थाचा फलक दाखवतात. कुणीतरी तो शेवट कापला आणि जागृतीची फिल्म अपहरणाचा पुरावा बनली.

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याच्या आठवडी बाजारात भिक्षेसाठी आलेल्या डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावानं ठेचून मारलं. त्यांच्यातला एक जण एका लहान मुलीशी बोलला, एवढंच निमित्त झालं, असं तेव्हाच्या बातम्यांत होतं.

त्याच दिवसांत दर जुमेरातीला आमच्या मोहल्ल्यात लोबान घेऊन येणारे फकीरबाबा अब्बांच्या दुकानासमोर थांबले. “साब, आज मेरे साथ दो गल्ली चलो,” म्हणाले. मोहल्ल्यात त्यांना सगळे ओळखतात, पण बसस्टँडपलीकडच्या नव्या वसाहतीत कोण ओळखणार? अब्बांनी शटर ओढलं आणि त्यांच्याबरोबर चालत गेले. पुढच्या तीन जुमेरातीही गेले. दाढी, झोळी आणि अनोळखी चेहरा घेऊन फिरणाऱ्या माणसाला तेव्हा कुणाचा तरी ओळखीचा हात लागत होता.

सिनेमा संपल्यावर मुलांना आम्ही हेच सांगितलं. मोबाईलवर जे आलं, ते कुठून सुरू झालं आणि पुढं काय झालं, हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय पुढं पाठवायचं नाही. आलेल्या खबरीची आधी शहानिशा करावी, हे आपल्याला दीननंही शिकवलंच आहे.

वाचक बंधू-भगिनींनो, सुट्टीत मुलांना हा जुना सिनेमा जरूर दाखवा. तळ्याचं दृश्य आलं की राक्षसाचे हात पुढं होताच तिथं थांबवा आणि विचारा, आता काय होईल? मुलं काय काय सांगतात ते ऐकून घ्या, आणि मगच पुढचं लावा.